मिरचीचा धूर आणि गाळलेली ओळ

अर्धशिशी म्हणजे नखरे नव्हेत. आधीच सांगून टाकते, कारण सगळं बिनसलं ते यावरूनच.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत आमचा अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या पोरापोरींचा गट होता. पत्रकं मी लिहायची, तपासायचे गट चालवणारे सर. पुरावा माग, कुणाकडेही माग, हे त्यांनीच शिकवलेलं.

घरी माझं अर्धं डोकं ठणकायला लागलं की आई मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायची. धूर नाकात गेला की ठणका दुप्पट. का, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मज्जातंतूंच्या टोकांना बारीक दारं असतात, त्यांना आयन चॅनल म्हणतात. मिरची एक दार उघडते, मोहरी दुसरं, बाममधला पुदिन्याचा अर्क गारव्याचं तिसरं. "तुझी दारं जरा धक्का लागला की उघडतात. ती बंद ठेवणारी औषधं अजून शोधतायत. तोवर धुरापासून लांब राहा."

मी पत्रकात लिहिलं: दृष्ट खोटी, पण अर्धशिशीवाल्याला हा धूर खरंच बाधतो. सर म्हणाले, "छान. राहू दे ही ओळ."

वेळणेश्वरच्या कार्यक्रमाला जाताना एसटीत छापून आलेल्या पत्रकांचा गठ्ठा उघडला. ओळ गायब. तिथे छापलेलं, 'धुराने काहीही होत नाही.'

"लोकांना एवढी भानगड कशाला?" सर म्हणाले. आणि गावात पोचल्यावर मिरच्या-मोहरी टाकलेली पेटती शेगडी माझ्याच हातात दिली. "बघा, आमच्या कार्यकर्तीला काही होतंय का!"

झालं. डोळ्यांपुढे चमचम, मग तिथेच ओकले.

"बघ गो बाय, पोरीला केवढी दिष्ट लागलीहाय," एक म्हातारी म्हणाली.

सरांनी माईक घेतला. "घाबरू नका. हिचं हे मानसिक आहे."

म्हातारीचा राग आला नाही. मला काहीतरी झालंय एवढं तरी तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पत्रकांवर ती ओळ मी पेनने लिहिली आणि स्टँडवर वाटायला उभी राहिले. सर आले.

"कोणाला विचारून?"

"पुरावा मागायला तुम्हीच शिकवलंत ना? द्या मग. माझं मानसिक आहे याचा."

त्यांनी माझ्या हातातून गठ्ठा काढून घेतला.