काकांची मोठी अक्षरं

काल नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि लंडनच्या हाउन्सलोमधल्या शेजारच्या काकांचा मॉनिटर आठवला. दर रविवारी ते त्यावर बघून ऑनलाइन बुद्धवंदना घ्यायचे. एका रविवारी मी गेलो, तर त्यावरची अक्षरं भोपळ्याएवढी दिसत होती. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, न विचारताच रेझोल्यूशन ‘सुधारलं’, अक्षरं बारीक झाली. “बघा काका, कसं रेखीव दिसतंय!” “वा, छान,” ते म्हणाले. वंदना सुरू झाली. काका स्क्रीनकडे वाकले, आणखी वाकले आणि शेवटी डोळे मिटून त्यांनी सगळी वंदना पाठ म्हटली. नंतर अगरबत्तीच्या वासात माझ्या हाती चहा देत हळूच म्हणाले, “आता होतं तसं कर बाबा. नातीचे ईमेल काही मला पाठ नाहीत.” आज माझ्या स्क्रीनवरची भलीमोठी अक्षरं बघून मुलगी म्हणाली, “बाबा, हे फिक्स करू?” तिने निदान विचारलं तरी.