दोन गिटारी आणि माझे कान

दोन्ही गिटारी मला सारख्याच वाजल्या, आणि मी घाबरलो.

फुलचूरला थोरल्या भावाच्या घरी रविवारची दुपार होती. मुलीनं पुण्याहून मला नवी गिटार पाठवली होती, ती दाखवायला मी आणि बायको तिरोड्याहून गेलो होतो. भावाकडे त्याची जुनी गिटार होती. तरुणपणी कलकत्त्याकडच्या एका रेल्वेवाल्याकडून त्यानं ती घेतली आणि तेव्हापासून आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलक-पेटीच्या जोडीला गिटार आली. विहारात कार्यक्रम असला की भाऊ गायचा, मी मागे बसून वाजवायचो. नवी गिटार पाहिल्याबरोबर भावानं नाक मुरडलं. "चमकते लय. आवाजात दम नाही रायत यायच्या."

मग त्यानं एकच चाल आधी नवीवर वाजवली, नंतर जुनीवर. डोळे मिटून मान हलवली. "आयक. लाकूड पिकला का आवाज पिकते. नवी मंजे निस्ता डबा."

शेजारचे पेटीवाले काका म्हणाले, "जमीन-आसमान का फर्क है भाई साब." वहिनी हो म्हणाल्या. माझी बायको डोक्यावरचा पदर सावरत हो म्हणाली. राहिलो मी. मीही मान डोलावली आणि म्हटलं, "फरक त हायेच."

मला काडीचाही फरक ऐकू आला नव्हता.

एवढं मनाला लावून घ्यायचं कारण माझी नोकरी. बारा वर्षं मी वीज प्रकल्पात टर्बाइनजवळ काम करतोय. कानात घालायला बोळे देतात, घाला म्हणून पाटी आहे, साहेब ओरडतात. पहिली कित्येक वर्षं मी ते गळ्यात माळेसारखे घालून हिंडलो. कानात घातले तर लोक बहिरा समजतील असं वाटायचं, काय म्हणावं या अकलेला! दरवर्षी कान तपासतात. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं असतं. गेल्या खेपेला शिट्टी येतेय की मला भास होतोय ते कळेना, तेव्हा मी काचेतून तपासणाऱ्याच्या हाताकडे बघून बटण दाबलं. पास झालो. पण चोरी ती चोरीच, आणि ती फक्त मला माहीत होती.

कान गेले तर नोकरीत दुसरीकडे बसवतील, त्याचं एवढं काही नाही. पण गायन पार्टीत सूर मी लावतो. तारा मी मिळवतो, ढोलक चढवायची की उतरवायची ते मी सांगतो. दुसरं काही मला आयुष्यात धड जमलेलं नाही. तेही गेलं तर आपल्याकडे उरतं काय, असं परतीच्या गाडीत तिरोडा येईपर्यंत वाटत राहिलं.

पुढचे पंधरा दिवस मी स्वतःचीच परीक्षा घेत हिंडलो. कुकर, डास, भिंतीवरचं घड्याळ. एका सुट्टीच्या सकाळी बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो आणि काय काय ऐकू येतं ते बोटांवर मोजलं. टिटवी झाली, जाळं ओढणाऱ्याचा खोकला झाला, लांबच्या बसचा हॉर्न झाला. पण जे ऐकूच येत नाही ते मोजायचं कसं? तसाच उठून घरी आलो.

बायकोच्या नजरेतून काही सुटत नाही. एक दिवस भाजीत मीठच नव्हतं आणि मी मुकाट जेवलो, तेव्हा तिनं थेट विचारलं, "का झाला तुमाले? पंधरा दिस झाले, मुक्यावानी बसून राहिले."

सांगून टाकलं. बटणाच्या चोरीसकट सगळं. वाटलं, आता रडेल, निदान ओरडेल तरी. ती तोंडाला पदर लावून हसायलाच लागली.

"मलेबी नाही समजला," ती म्हणाली.

"काय नाही समजला?"

"फरक. दोनी एकसारख्याच वाजल्या."

"मंग हो काऊन म्हटली तू?"

"भासरे होत ना माये! भासऱ्याच्या तोंडावर नाही म्हनू? तुमी सख्खे भाऊ असून हो म्हटले, मी कायले तोंड उघडू?"

भासरा म्हणजे थोरला दीर, त्याच्यापुढे ती कशी बोलणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरात थोरला बोलला की विषय संपतो. त्यानं पांढऱ्याला काळं म्हटलं तरी आम्ही आधी मान हलवतो आणि मग डोळे चोळतो. तरीपण बायकोनं आयुष्यात कधी तार मिळवलेली नाही. तिला न कळणं वेगळं आणि मला न कळणं वेगळं. अर्धाच जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा घेऊन पुढच्या रविवारी मी परत फुलचूर गाठलं, बायकोला सोबत घेऊन, आणि नवी गिटार पाठीला लावून.

बायको अजूनही भासऱ्याशी सरळ बोलत नाही. भाऊ दोन हातांवर बसलेला असला तरी तिचा निरोप वहिनींच्या मार्फत जातो. "बाई," ती वहिनींना म्हणाली, "भाऊजीले म्हना, भितीकडं तोंड करून बसा. हे वाजवतीन. कोनती जुनी, कोनती नवी, ते सांगा."

भाऊ माझ्यावरच भडकला. "माये कान तपासून राहिला का बे?"

"बसा ना," वहिनी म्हणाल्या. "भित काही खाऊन नाही टाकत तुमाले."

बसला बिचारा. मी वाजवत गेलो. नवी, जुनी, परत जुनी, नवी, नवी. पाचपैकी तीन चुकल्या. एकदा तर नवीलाच "हे पाय, हे लाकूड" म्हणाला, तेव्हा वहिनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सहाव्या वेळेला तो जुनी की नवी ते सांगायचं सोडून भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाला, "मले त त्याच दिशी नोता समजला."

"मंग काऊन म्हटला तसा?"

"तू नवी घेऊन आला. मले वाटला, आता मायी माळ्यावर जाते. अन् फरक समजून नाही राहिला म्हनून भेवबी लागला. म्हटला, कान गेले आपले."

मला इतकं हसू आलं की गिटार मांडीवरून घसरली. पंधरा दिवस मला जी भीती कुरतडत होती, तीच फुलचूरलाही मुक्कामाला होती! मी त्याला माझं सगळं सांगितलं. "गधा हायेस का बे," एवढंच म्हणून तोही हसत सुटला. हसणं ऐकून पेटीवाले काका आले. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "भाई साब ने बोला, तो हमने भी बोल दिया." मग त्यांनी मोबाइलच्या उजेडात दोन्ही गिटारींच्या भोकाच्या कडा निरखल्या. दोन्हींकडे चिकटवलेल्या लाकडाचे सारखेच पापुद्रे. "ये भी प्लाई, वो भी प्लाई. प्लाई क्या पकेगी?" भावाला ते लागलं असेल, पण घर इतकं हसत होतं की त्यालाही चेहरा पाडता आला नाही.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "वाजव." हाताला आली ती गिटार मी घेतली. त्यानं आमचं नेहमीचं गाणं उचललं. पूर्वी तो हे गाणं म्हणायला लागला की विहाराबाहेर उभी असलेली माणसं आत येऊन बसायची. दुसऱ्या कडव्यात चाल वर चढते. तिथं त्याचा आवाज चिरला. अगदी केसाएवढा. काका पेटीवर रंगले होते, वहिनी आणि बायको माना डोलावत होत्या, कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला मात्र स्वच्छ ऐकू आलं. सांगायला लाज वाटते, पण आधी मला आनंदच झाला. छातीवरचा धोंडा उतरला. यंदा काचेच्या खोलीत डोळे मिटून बसायचं, हे मी वाजवता वाजवताच ठरवलं. भावासाठी वाईट वाटलं ते त्यानंतर.

गाणं संपलं. "कसा झाला?" त्यानं विचारलं.

सगळे म्हणाले, "वा!" तो माझ्याकडेच बघत होता.

"वरती फाटला आवाज," मी म्हणालो. थोरल्याला असं तोंडावर मी आयुष्यात पहिल्यांदाच काही सांगत होतो. "एक पट्टी खाली घेऊ का?"

भावानं खालचा ओठ चावला, मग मान हलवली.

"मले कवाचा मालूम हाये," तो म्हणाला. "कोनी सांगूनच नोता राहिला. घे खाली."

मी खुंट्या ढिल्या करायला लागलो.