गोदामातला इंग्रजीचा तास

शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. माहेर केजचं, त्यामुळं कोरडं शिवार मला नवीन नव्हतं. पण इतकं कोरडं मीही पाहिलं नव्हतं. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. शाळेच्या एका खोलीचं छत खचलेलं, म्हणून पाचवीचा वर्ग गावच्या सोसायटीच्या गोदामात भरायचा. पेरणीच नाही म्हटल्यावर खत कोण नेणार? गोदाम मोकळंच होतं. रिकामी पोती उसवून मुलांनी बसायला अंथरली होती. खताचा तो उग्र वास कुठं आला की आजही मला दुकान नाही, फळा आठवतो.

मी इंग्रजी शिकवायचे. म्हणजे मला जसं शिकवलं गेलं होतं तसंच. मी म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं. रोज दहा शब्द, दुसऱ्या दिवशी पाठ. सगळं गोदाम घुमायचं आणि मला वाटायचं, आपलं बरं चाललंय.

दिवाळी झाली आणि अर्धा वर्ग ओस पडला. मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, लांबच्या सहकारी कारखान्यांकडं. परतली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. अंगानं वाळलेली, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. मी उत्साहानं फळ्यावर जुनेच शब्द लिहिले. परतलेल्यांपैकी एकालाही एक शब्द वाचता येईना. मी चिडले. "चार महिने रोज घोकून घेतलं, ते सगळं तिकडंच टाकून आलात?"

मग मधल्या पोत्यावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दुष्काळात निम्मी विकली होती, उरलेली आजोबा राखायचे, आणि आईबाप त्या वर्षी पहिल्यांदाच बैलगाडी जुंपून उसाला गेले होते.

"बाई, तुमी म्हनल्यावर आमी म्हनतो," ती म्हणाली. "तिकडं म्हनायला कोन हाय?"

मी तिला खाली बसवलं, पण ते वाक्य मनातून हलेना.

थोड्याच दिवसांत टँकरच्या जागेजवळ ती आजोबांच्या मेंढरांना पाणी दाखवताना दिसली. मी सहज विचारलं, "तुला ही सगळी वेगवेगळी ओळखू येतात?"

"येत्यात की. एकेकीची खून हाय. हिचा कान फाटका. ती लई भित्री. अन् त्या दोघी मायलेकी, संगंच ऱ्हात्यात."

"आणि एखादी नवी आली तर?"

"कुनासारखी हाय ते बघायचं. चुकलं तर चुकलं, दोन दिसांत कळतंय."

मी रिकामी घागर घेऊन तिथंच उभी राहिले. या पोरीला शिकायचं कसं ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि मी तिला माझ्या मागं म्हणायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. मुलांना विचारलं, "तुम्ही गोष्टी लक्षात कशा ठेवता?" आधी सगळी लाजली, मग सांगायला लागली. टँकरच्या रांगेत कुणाचा हंडा कुठला, हे एकीला हंड्याच्या पोच्यावरून कळायचं. एकीला चालताना पाठ व्हायचं, बसून नाही. एकजण म्हणाला, दुसऱ्याला सांगितलं की आपल्यालाही पक्कं होतं. मी म्हटलं, मग शब्दही असेच धरायचे.

अंगाखालची पोती हेच आमचं पहिलं पुस्तक झालं. त्यांवर इंग्रजीत काय काय छापलेलं होतं. नियम ठरला: नवा शब्द दिसला की लगेच बाईंना विचारायचं नाही. तो कशावर लिहिलाय, शेजारी काय आहे, ते बघायचं. अंदाज करायचा. तोच शब्द दुसरीकडं सापडला की अंदाज ताडून बघायचा. मग विचारायचं. मुलं इतकी भांडायची एकेका शब्दावरून की रस्त्यानं जाणारी माणसं डोकावून जायची.

हेडगुरुजी म्हातारे, मायाळू. पण त्यांना काळजी वाटली. "बाई, परीक्षेत खुना विचारत न्हाईत. पाठांतर घ्या." मग थोडं थांबून म्हणाले, "बरं, बघा करून."

पुढच्या वर्षी सहावीही माझ्याकडंच आली. दिवाळीनंतर मुलं निघाली तेव्हा मी अभ्यास दिला नाही. एवढंच म्हणाले, "येताना तिकडचे शब्द आणा. आणि कसे ओळखले तेही सांगा."

उन्हाळ्यात मुलं परतली. वही जवळपास कुणाकडंच उरली नव्हती. मेंढरांच्या घरची ती मुलगी फळ्यापाशी गेली आणि खडूनं एकेक इंग्रजी अक्षर आठवत तिनं लिहिलं: डेंजर.

"आमच्या कोपीजवळ इजेच्या डब्यावर ह्ये लिव्हलं व्हतं," ती सांगू लागली. कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची झोपडी. "मला वाटलं, ह्येचा अर्थ इज. मग आमची गाडी कारखान्यावर रांगेत थांबली, तर तितं गरम पान्याच्या हौदावर बी त्येच. म्हनलं, पान्यात इज कावून आसंल? मग कळलं, इज न्हाई. जवळ जाऊ नगा, आसं कायतरी. धाकटी बहीन हौदाकडं पळत व्हती, तिला वडून मागं आनलं."

दारात उभे राहून ऐकणारे हेडगुरुजी आत आले. "मंग कुनाला इचारलंस?"

"वजनकाट्यावरच्या काकाला. त्ये म्हनले, धोका."

मी फळ्याकडं तोंड करून, पुसायचं नसलेलं काहीतरी पुसत राहिले. गुरुजींनी मात्र त्या दिवसापासून मला पाठांतराबद्दल कधी टोकलं नाही.

पुढं माझी बदली घाटनांदूरकडं झाली. बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात एक तरुण साहेब आम्हाला मुलांना शिकायचं कसं ते शिकवायची तंत्रं समजावून देत होते: अंदाज करा, पडताळा, खुणा जोडा. मी ते सगळं वहीत नीट उतरवून घेतलं. हसू आलं, आणि गोदामाची फार आठवणही आली.

त्या वर्गातल्या सगळ्यांचं भलं झालं असं नाही. कितीतरी मुलं सातवीनंतर कायमची ऊसतोडीच्या कोयत्याला लागली. दोन मुलींची लग्नं झाल्याचं मला उशिरा कळलं. एकदा बीडच्या स्टँडवर त्या मुलीचे आजोबा भेटले. मीच ओळख दिली. म्हणाले, मेंढरं आता उरली नाहीत. पण नात त्यांच्याजवळ गावातच राहिली, दहावी झाली, आता नर्सिंग शिकतेय.

"हुशारच होती ती," मी म्हणाले.

"हुशार तर लई जन आस्त्यात, बाई," म्हातारा म्हणाला. "आमची पोर चुकायला भेत न्हाई."

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. पिशवी उचलून ते गर्दीतून पुढं गेले आणि खिडकीजवळची जागा धरून बसले.