आठ घरांची चांदणी

"रेहानाआपाच्या घरी आठ वर्षांनी पाळणा हलणार म्हणं. डॉक्टरीणबाईनं लई जपायला सांगितलं. अन् फरीदाला तर..."

एवढं ऐकलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं ज्वारीसंगं दळून गेलं. रांगेत माझ्या पुढच्या दोघी बोलून राह्यल्या होत्या. विचारता आलं असतं. पण विचारलं म्हणजे आपण कान लावून ऐकत होतो हे कबूल करणं आलं, आणि माझा तसा स्वभाव न्हाई. म्हणून उरलेलं मी घरी येईस्तोवर स्वतःच पूर्ण केलं. तिथंच माझं वाटोळं झालं. कसं, ते सांगते. हसायचं असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा.

रेहानाआपा म्हणजे भिंतीला भिंत लागून. मी मंठ्यात नांदायला आले तेव्हापासूनची शेजारीण. फरीदा तिची सून. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल न्हाई, आणि पोरगी इतकी गुणाची की मलाच मेलीला घोर. आता देवानं ऐकलं म्हटल्यावर मी हातावर हात ठेवून बसू का?

आमच्याकडं उशिरानं होणाऱ्या लेकराला पहिलं पांघरूण मागून आणलेल्या कापडाचं घालतात. घरोघर जाऊन जुन्या लुगड्याचा, धोतराचा तुकडा मागायचा आणि गोधडी शिवायची. दृष्ट लागत न्हाई. फक्त लेकरू कोणाचं, हे मागताना सांगायचं न्हाई. सांगितलं की गुण गेला. मी ठरवलं, गोधडीच्या मधोमध आठ टोकांची चांदणी घालायची. आठ घरं, आठ तुकडे.

पहिल्याच घरी सरूबाईनं विचारलं, "कोणाला दिवस गेले गं?"

"ते सांगायचं नसतं."

तिनं माझ्या पोटाकडं बघितलं. मंग म्हणली, "न्हाई, ते तर तुझं कायमचंच हाय," आणि आत जाऊन तुकडा आणून दिला.

आठही घरी मी तोंड शिवून राहिले. माझ्यासारख्या बाईनं! गल्लीला तेवढ्यावरनंच संशय आला असावा.

आता शिवणाचं सांगते. शाळेत शिवणाच्या तासाला मी बाईंना पाणी आणून द्यायचे, तेवढंच माझं शिवणाचं शिक्षण. गल्लीत गोधडी शिवावी तर रेहानाआपानं, पण तिच्याच नातवाची म्हटल्यावर तिला विचारणार कसं? शंकरपाळे कापावेत तसे तिरपे तुकडे कापले. तिरपं कापलेलं कापड ताणतं, हे मला कोणी सांगितलं न्हाई. टोकाला टोक जोडत गेले. कडा बराबर, आणि मध्ये ही चांदणी टम्म फुगलेली, कढईतल्या पुरीवाणी. डाव्या बाजूनं दाबली की उजवीकडं वर यायची. उसवली, पुन्हा शिवली. आता टोपी झाली. वरून इस्त्री फिरवली तर सरूबाईचा तुकडा जळाला. मी भिंतीला टेकून बसले आणि खरंच रडले.

तेवढ्यात दारात मामा उभे. मामा म्हणजे माझ्या संदीपला सांगून आलेल्या मुलीचे मामा. संदीप जालन्याला एमआयडीसीत कामाला, खोली घेऊन राहतो. दोन वर्षं पोरगी बघून राह्यलो होतो, आता कुठं जमलं होतं. येत्या रविवारी सुपारी फुटायची होती.

"बाई, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"संदीपराव खोलीवर एकटेच राहतात ना?"

"दोस्त हायेत दोघं. का हो?"

"न्हाई, तुम्ही नातवाची गोधडी शिवून राह्यल्या असं आमच्या गावापर्यंत आलं."

माझ्या मांडीवर चांदणी. सांगावं तर फरीदाच्या लेकराला दृष्ट, न सांगावं तर पोराचं लग्न मोडतं. शेवटी आईचं काळीज स्वार्थीच. मामांना घेऊन तशीच शेजारी गेले.

"आपा, सांगा यांना, ही चांदणी तुमच्या फरीदाच्या बाळाची हाय म्हणून."

रेहानाआपा माझ्याकडं बघतच राहिली. "फरीदाचं? अगं मंदा, नजमाचं. माझ्या लेकीचं. मोठ्या पोरीनंतर आठ वर्षांनी राहिलंय. बाळंतपणाला इकडं येणार हाय. अन् सगळं करायचं कोणी, तर फरीदानं."

पाळणा खरा होता. घर खरं, आठ वर्षं खरी. पोट तेवढं मी चुकीचं धरलं होतं.

आणि फरीदा पाहुण्यासाठी चहा घेऊन दारातच उभी. कपबश्या वाजल्या, मंग थांबल्या. त्या घडीला मला वाटलं, ही चांदणी आपल्या तोंडात कोंबून शिवून टाकावी.

तिनं ट्रे खाली ठेवला. चांदणी हातात घेतली, मधला फुगा बोटानं दाबला. तो दुसरीकडून वर आला.

"मौशी, बीच में इसको क्या हुआ?"

"माझं शिवण हाय बाई."

ती हसली. डोळे पुसत हसली. "नजमाआपाको नक्को देना ये. मैं उसवके बराबर करती. मेरे पास रहेगी." आणि चांदणीची घडी करून ती आपल्या कपाटात ठेवून आली. घडीसुद्धा फुगूनच राहिली होती.

मामांनी चहा संपवला, रविवारचं नाव न काढता गेले. मी दोन दिवस जेवले न्हाई. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पोराबद्दल काही शंका न्हाई, सुपारी ठरल्या दिवशीच फोडू. मुलीच्या आईची फक्त एक अट हाय. पोरगी संदीपरावांसंगं जालन्यालाच राहील. सासूबाईंनी महिन्यातून एकदा यावं, आणि आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही विचारू नये.

मी लगेच हो म्हणून टाकलं. फक्त विचारलं, "शेजारी कोण राहतं तिथं?"