कुंकू लावलेली मूठ

खंडेनवमी जवळ आली की ती घटना आजही आठवते, आणि थोडी लाजही वाटते.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. भोसरीच्या माळावर पत्र्याच्या शेडी उगवत होत्या आणि आमचे पोलीस ठाणे तीन खोल्यांचे होते; मी तिथला फौजदार. शस्त्रांत काही रायफली आणि एकच कार्बाइन. आखूड नळी, आत स्प्रिंग, डावीकडे आडवे मॅगझिन; दिसायला अगदी बापुडी. पण तिला एक खोड होती. आतला लोखंडी ठोकळा मागे ओढून त्याची मूठ खाचेत अडकवली की ती सुरक्षित. मूठ किंवा खाच झिजली, तर नुसत्या धक्क्याने ठोकळा सुटतो आणि चापाला बोट न लावता गोळी उडते. शस्त्रे सांभाळणारे आमचे हवालदार तिला तान्ह्या पोरासारखे दोन्ही हातांनी उचलत. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका शेडीचा वॉचमन ठाण्यात आला. हा निवृत्त फौजी. खंडेनवमीला लेथची, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राची, पूजा होते, तेव्हा कामगार आपली हत्यारे आणि वर्षभरातले मनाजोगे काम लेथपुढे मांडतात. शेजारच्या शेडीत प्रसादाला गेला असता त्या मांडणीत त्याला कुंकू लावलेली एक मूठ दिसली होती. फौजेत आठ वर्षे ही मूठ ओढली, माझी चूक होणार नाही, असे तो म्हणाला.

चोरून कार्बाइन बनवणारी टोळी सापडली, असे मला वाटले. पंच घेऊन छापा घातला. सापडली ती एक झिजलेली मूठ आणि लेथ चालवणारा चाकणकडचा एक टर्नर.

दुपारपर्यंत विचारपूस चालली. मूठ भंगारात मिळाली, बंदूक जन्मात पाहिली नाही, एवढेच तो सांगे. शस्त्र कायद्याखाली आत गेलास तर घरच्यांनी काय खायचे, असे मी दरडावले. त्याचे डोळे भरले, पण सांगणे तेच. खोटारडा माणूस गोष्टी रचतो. हा तीच दोन वाक्ये धरून बसला होता. तो कुणाला तरी दिलेला शब्द पाळतो आहे, हे तेव्हाच मला ओळखायला हवे होते.

मूठ जुळवून पाहायला मी आमची कार्बाइन मागवली. हवालदारांनी गोळ्या काढून ती हळूच टेबलावर ठेवली. मी रागात होतो. कार्बाइन उचलली आणि तिचा मागचा दस्ता टेबलावर आपटणार, तोच टर्नर ताडकन उठला.

"आपटू नगा सायेब. मूठ नवी घातलीया, पर खाच जुनीच हाय. सुटंल ती."

जन्मात बंदूक न पाहिलेल्याला आमच्या बंदुकीचे दुखणे ठाऊक होते. दाराशी उभ्या हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली.

"त्याला सोडा साहेब. जुनी मूठ नमुना म्हणून मीच नेऊन दिली होती."

मग हवालदारांनी सगळे सांगितले. गणपतीच्या बंदोबस्तात एका शिपायाच्या खांद्यावरून कार्बाइन घसरली आणि ठोकळा सुटून खटका पडला. मॅगझिन रिकामे होते म्हणून निभावले. टर्नर हवालदारांचा शेजारी. शिफ्ट संपल्यावर थांबून त्याने नवी मूठ करून दिली आणि कुठे बोलणार नाही असा शब्दही दिला. मग जुनी मूठ पूजेत का मांडलीस, असे मी विचारले.

"वरीसभर नटबोल्टच केलं, सायेब. जीव वाचवणारं काम येवढं एकच झालं. नवी मूठ बंदुकीत ग्येली, म्हून जुनी मांडली."

मी हवालदारांवर गरजलो. दुरुस्तीला मुख्यालयाकडे लिहायचे सोडून हे काय?

"रिपोर्ट दिला होता, साहेब. तीनदा आठवणही करून दिली. चौथ्यांदा तुमच्यासमोर यायचं धाडस झालं नाही."

मी टेबलावरचे कागद उपसले. बंदोबस्ताच्या फायलींखाली तो रिपोर्ट होता, माझ्या सहीची वाट पाहत.

स्टेशन डायरीत सगळे लिहिले, पहिली चूक माझी म्हणून. मला ठपका मिळाला, हवालदारांना ताकीद. टर्नर त्याच संध्याकाळी घरी गेला. हवालदारांची पेन्शन वाचली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला कडक सॅल्यूट केला, आणि तो घेताना माझे डोळे भरून आले.

हाताखालची माणसे मला वचकून असत, याचा त्या काळी मला अभिमान होता. त्या वचकापायी एक बिघडलेली बंदूक लोकांच्या गर्दीत फिरत राहिली. पुढे जिथे बदली झाली तिथे सकाळी आधी टेबलावरचे कागद पाहिले, मग चहा घेतला.

आता घरात हत्यार नाही. खंडेनवमीला मी पाटावर तेव्हाचे पेन ठेवतो आणि त्याला कुंकू लावतो. एक सही वेळेवर न केलेले ते पेन अजून चालते.