चारच हायेत

आमच्या प्रयोगशाळेत फळमाश्या सांभाळणारे ते गृहस्थ फार बोलत नाहीत. मका-गुळाचं खाणं शिजवून माश्यांना घालतात, भिंगाखाली त्यांच्या पाठीच्या टोकावरचे राठ केस मोजतात आणि दर वेळी त्याच सुरात सांगतात, "चारच हायेत, मॅडम."

नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद पडला. माश्या खुरटल्या, पण केस चारच. पेशीत जनुकांचं काम सारखं कमीजास्त होत असतं, तरी ती एकमेकांना सावरून घेतात, असं मी त्यांना कौतुकानं सांगितलं.

भिंगावरून डोळा न काढता ते म्हणाले, "माह्या जुळ्या पोरी होत्या. एकीले झाका, दुसरीले काढा. एक शाळेत जाऊन राहिली, एक दिलातल्या छेदानं गेली. तिलेच काहून नाही सावरलं, मॅडम?"

मी वहीत त्या माशीचा आकडा मांडला.

वेगळी निघालेली माशी आम्ही मारून स्पिरिटमध्ये ठेवतो. परवा एका माशीपाशी ते बराच वेळ थांबले. मग त्याच सुरात म्हणाले, "चारच हायेत, मॅडम."

मी भिंगातून पाहिलं. तीन होते.

वहीत मी चार लिहिले.