गणपतीपुढचा ज्वालामुखी

शिवाजीनगरातल्या आमच्या गणेशमंडळात धोतर-कोटातले एक भूगोलाचे मास्तर होते. कुणी काहीही सुचवलं की ते मान डोलावून कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणायचे आणि स्वतःच्या मनातलंच करायचे.

त्या वर्षी आरास म्हणून कैलास ठरला होता. मास्तरांनी गोणपाट आणि चिखलाचा ज्वालामुखी उभा केला. मी अध्यक्ष, मी दरडावलं, "हा कैलास नाही! बाप्पाला धूर लागला, तर पुन्हा आरास तुमच्या हातात नाही!"

"सरी. पण अध्यक्ष, तुमची खुर्ची स्वल्प इकडे, बाप्पाजवळ घ्या. लाव्हा सावकाश येतो हो, राख मात्र वाऱ्याबरोबर धावते."

अध्यक्ष समोरच बसतो, असं मी त्यांना सुनावलं.

आरती सुरू होताच मास्तरांनी डोंगरामागचा भाता दाबला. तुसाच्या राखेचा लोट उसळला आणि थेट माझ्यावर आला. बाप्पाच्या मुकुटावर कणही नव्हता. मी मात्र नखशिखान्त पांढरा होऊन खोकत उभा.

"कैलास नाही म्हणता? हा काय शंकर आला की!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी मंडळानं पुन्हा कैलासच ठरवला. मास्तर म्हणाले, "सरी, सरी." मी माझी खुर्ची उचलली आणि बाप्पाजवळ नेऊन ठेवली.